नांदूर मध्यमेश्वरला पहिल्यांदा पक्षी पाहायला जाताय? आधी हे वाचा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याची ओळख 'महाराष्ट्राचं भरतपूर' अशी करून दिली जाते. ती ऐकून लोक रविवारी सकाळी सावकाश आवरून निघतात, दहा-साडेदहाला पोहोचतात, मनोऱ्यावर चढतात. समोर चकाकणारं पाणी आणि त्यावर लांब कुठेतरी काळे ठिपके दिसतात. अर्ध्या तासात 'काही खास नाही' म्हणून परत फिरतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याच पाण्यावर, त्याच दिवशी, तीन तास आधी आलेल्याने तीसेक जातींचे पक्षी सहज पाहिलेले असतात.

इथे काय दिसेल हे तुमच्या नशिबापेक्षा पाण्याच्या पातळीवर जास्त अवलंबून असतं. ती बघून दिवस ठरवला आणि तिथे गेल्यावर घाई केली नाही, तर पहिलीच भेट भरभरून होते. खालचे टप्पे त्याच अंगाने लिहिले आहेत.

१. जागा समजून घ्या

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सिंचनाचा होता. पण दोन नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षं बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून बेटं तयार झाली, उथळ पाणी पसरलं, काठाला पाणवनस्पती आणि बाभळी वाढल्या. सिंचनाच्या दृष्टीने तो गाळ म्हणजे साठ्यात घट, पण पाणपक्ष्यांना नेमकं तेच हवं असतं. खोल धरणाच्या मधोमध फारसे पक्षी दिसत नाहीत ते याचमुळे. तळाशी चोच पोहोचेल इतकंच पाणी त्यातल्या बहुतेकांना उपयोगाचं असतं.

१९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२० च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या म्हणजे रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याचं जाहीर झालं. हा मान मिळालेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतर आल्या.

अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात गावं आहेत, ऊस, द्राक्षबागा, गहू, हरभरा आहे. रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टरांचं, म्हणजे प्रत्यक्ष पाण्याच्या आसपासचं. हे आधीच सांगतोय, कारण 'अभयारण्य' म्हटल्यावर डोळ्यांसमोर घनदाट जंगल आणि जीपमधली सफारी येते. इथे तुम्ही बहुतेक वेळ काठाकाठाने पायी चालणार, मनोऱ्यावर थांबणार, आणि पलीकडच्या शेतात कुणीतरी पाणी भरत असेल. शेतांचाही पक्ष्यांना उपयोग होतो. क्रौंच आणि करकोचे आले असतील तर ते दिवसा शिवारात चरतात आणि पाण्यावर विसाव्याला येतात.

२. महिना ठरवा, मग पाण्याची चौकशी करा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. मध्य आशियातून आणि त्याच्या उत्तरेकडून भारतात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या हवाईमार्गावर ही जागा आहे. स्थलांतरित बदकांत भुवई बदक सर्वात आधी, पावसाळा सरता सरता दिसू लागतं. पाठोपाठ थापट्या, तलवार बदक, तरंग, चक्रवाक येतात. मार्चमध्ये परतीची लगबग सुरू होते. उन्हाळ्यात गर्दी ओसरते, पण चित्रबलाक, मुग्धबलाक, शराटी, जांभळी पाणकोंबडी हे असतातच. नदीला पूर असताना मात्र जाऊ नका. काठ निसरडे होतात आणि पाणी कधी चढेल याचा भरवसा नसतो.

इतकं सगळीकडे वाचायला मिळतं. पाण्याचं मात्र कुणी सांगत नाही.

या बंधाऱ्यावरून गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात, शिवाय वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही इथलाच. शेतीसाठी आवर्तन सुटतं, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी कालव्यांना दिलं जातं, तेव्हा वरच्या धरणांतून, म्हणजे दारणा, गंगापूर वगैरेंतून, नदीत पाणी सोडतात आणि कालव्यांना पुरेसा दाब मिळावा म्हणून बंधारा भरलेला ठेवतात. अशा दिवसांत पातळी वर असते, चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात, आणि चिखल्या, तुतवार, पाणलावा असे काठावर टिपणारे छोटे पक्षी दुसरीकडे पांगतात. बदकंही आत, लांब जाऊन बसतात. आवर्तन संपून पाणी उतरायला लागलं की ओला, ताजा चिखल उघडा पडतो. त्यात किडे-अळ्या भरपूर असतात. दोन-चार दिवसांत तोच काठ पक्ष्यांनी गजबजून जातो.

म्हणून निघण्याआधी एवढंच विचारा: 'आवर्तन चालू आहे का? पाणी चढतंय की उतरतंय?' वन विभागाच्या फाटकावरच्या कर्मचाऱ्यांना किंवा तिथल्या गाइडला हे नेमकं माहीत असतं. आवर्तनाच्या बातम्या नाशिकच्या आणि नगरच्या स्थानिक वर्तमानपत्रांतही येतात. उतरत्या पाण्याचा आठवडा मिळाला तर त्यासाठी बेत पुढे-मागे करायलाही हरकत नाही. माझ्या मते हे कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा महत्त्वाचं आहे.

वार निवडताना शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. डिसेंबर-जानेवारीतल्या सुट्ट्यांना मनोऱ्यावर गर्दी असते आणि गर्दीचा आवाज पाण्यावरून लांबवर जातो.

३. पोहोचायचं कसं

नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर, निफाडहून बारा-एक. सर्वात सोयीचं प्रवेशद्वार चापडगावच्या बाजूचं. खाणगाव थडीला निसर्ग निर्वचन केंद्र, म्हणजे माहिती केंद्र, आहे. रेल्वेने यायचं तर निफाड स्टेशन जवळचं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे लांबून येणाऱ्यांना नाशिक रोड बरं पडतं. एसटीने निफाडपर्यंत अडचण नाही. तिथून पुढे पहाटे वाहन मिळणं कठीण असतं, म्हणून गाडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा किंवा मुक्कामच निफाड परिसरात करा.

इथे दोन गोष्टींपासून सावध राहा.

पहिली, नावाची गफलत. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'नांदूर' टाकू नका. नाशिक शहरात नांदूर नाका आहे. सिन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर नांदूर शिंगोटे आहे. पुण्याहून येणारे तर हमखास नांदूर शिंगोट्याला थांबून 'पक्षी अभयारण्य कुठे?' असं विचारतात. 'नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, चापडगाव' असं पूर्ण टाका आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

दुसरी, उसाच्या ट्रॉल्या. हंगाम आणि ऊसतोडणी नेमके एकाच वेळी येतात. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अचानक समोर येते. सूर्योदयाला पोहोचायचं म्हणून वेग वाढवू नका, त्यापेक्षा अर्धा तास लवकर निघा.

४. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र: आधार किंवा वाहन परवाना, गटातल्या प्रत्येकाचं.
- शाळा-महाविद्यालयाचा गट असेल तर संस्थेचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी, आणि आठवडाभर आधी नाशिकच्या वन्यजीव विभागाशी बोलणं.
- सुट्टे पैसे. नेटवर्क नसेल तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत.
- दुर्बीण. नवीन घेणार असाल तर ८×४२. आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश आत येतो. दहापटीची दुर्बीण नवख्यांच्या हातात थरथरते, पक्षी शोधायलाच वेळ जातो.
- वही आणि पेन्सिल. थंडीत दवाने कागद ओलसर होतो, पेनाची शाई पसरते.
- मातकट, खाकी, फिकट हिरवे कपडे. पांढरा, लाल, पिवळा नको. परफ्युमचीही गरज नाही.
- बंद बूट, टोपी, पाणी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी.
- स्वेटर, कानटोपी, हातमोजे. हे वेगळं लिहितोय, कारण मुंबई-पुण्याची मंडळी इथेच फसतात. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचं नाव दर हिवाळ्यात असतं. पारा पाच अंशांखालीही गेलेला आहे. त्यात पाण्याकाठचा वारा. बोटं बधिर झाली की दुर्बिणीचं चाकही फिरवता येत नाही.

पक्षी ओळखणारं मर्लिन हे ॲप वापरणार असाल तर त्यातला भारताचा संच घरूनच उतरवून घ्या.

ड्रोन आणू नका. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि तो दिसताच सगळे थवे शिकारी पक्षी समजून एकदम उठतात. ब्लूटूथ स्पीकर, पाळीव कुत्रा आणि फुगेही घरीच राहू द्या.

५. फाटकावर

नोंदवहीत नाव लिहा, प्रवेशशुल्क भरा, पावती जपून ठेवा. कॅमेऱ्याचं आणि वाहनाचं शुल्क वेगळं असतं. दर बदलत राहतात, ते फाटकावरच बघा.

पहिल्या भेटीत गाइड घ्याच, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. इथले गाइड आसपासच्या गावांतली मुलं आहेत. काल थवा कुठे बसला होता, कुठल्या बाभळीवर घुबड आहे, कोणत्या वाटेवर चिखल आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पुस्तकात शोधून शोधून जे सापडत नाही ते हा मुलगा बोट न दाखवता, हलकेच हनुवटीने खुणावून दाखवतो. त्याला दिलेल्या पैशांचा आणखी एक उपयोग आहे. या पाणथळीच्या भोवती शेती करणाऱ्या घरांना पक्ष्यांमुळे चार पैसे मिळाले, तर पाणथळ टिकवण्यात त्यांनाही रस राहतो.

गाइडला सुरुवातीलाच सांगा की 'आम्हाला घाई नाही.' नाहीतर तो बिचारा फोटोवाल्या पर्यटकांच्या सवयीने तुम्हाला एका जागेवरून दुसरीकडे पळवत राहील.

६. चालताना

दिशा ठरवताना आधी सूर्य बघा. सूर्य पाठीशी असेल अशा बाजूने पाण्याकडे पाहा. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि ओळख पटवणं अशक्य होतं. सकाळी एका मनोऱ्यावरून जे काहीच कळत नव्हतं ते संध्याकाळी तिथूनच लख्ख दिसतं. शक्य असेल तर दोन्ही वेळा थांबा.

धुकं दाट असेल तर वैतागू नका. सूर्य वर आल्यावर ते विरतं. तोवर कान वापरा. टिटवी, चक्रवाकांची नाकातून आल्यासारखी हाक, जांभळ्या पाणकोंबड्यांचा गलका, बाभळीतले छोटे वटवटे. धुक्यातच पक्षी सर्वात जवळ असतात.

चालायची रीत अशी: वीस-तीस पावलं, मग दोन मिनिटं पूर्ण स्तब्ध. बोलायचं तर कुजबुजून. आकाशाच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे बांधाच्या अगदी माथ्यावर उभं राहू नका. झाडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाने थांबा.

पक्षी तुम्हाला घाबरला हे तो उडण्याच्या बराच आधी सांगतो, फक्त ते वाचता आलं पाहिजे. चरणाऱ्या थव्यात माना खाली असतात. तुम्ही जरा जवळ गेलात की एक मान वर येते, मग पाच, मग सगळ्या. काही जण पाठ फिरवून हळूहळू पाण्याच्या आत सरकू लागतात. पहिल्या चार-पाच माना वर आल्या तिथेच थांबा, हवं तर दोन पावलं मागे या. माना परत खाली गेल्या की तुम्ही योग्य अंतरावर आहात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा पोटभर खाऊ शकत नाही. 'उडताना छान फोटो येतो' म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड भिरकावणारे लोक मी पाहिले आहेत. तुमच्या गटात कुणी असं करत असेल तर तिथेच थांबवा.

चालण्याबद्दलचे आणखी काही धोके:

उघड्या गाळावर उतरू नका. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसतो, खाली गुडघाभर मऊ असतो. मुलांचा हात धरून ठेवा.

निफाडचा उसाचा पट्टा बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने चालू नका, आणि गाडीपासून लांब वाकून-बसून काही करत राहू नका. दिवसा मुख्य वाटेवर, गटाने असाल तर काळजीचं कारण नाही. कोल्हा आणि मुंगूस मात्र सकाळी दिसू शकतात, आणि पाणमांजर दिसलं तर तुमचं भाग्य थोर.

शेतातून आडवाट काढू नका. ते कुणाचं तरी उभं पीक असतं. वाटच नसेल तर शेतकऱ्याला विचारा, बहुतेक जण आनंदाने जाऊ देतात.

७. मनोऱ्यावरचा पहिला तास

मनोऱ्यावर चढल्याबरोबर दुर्बीण डोळ्याला लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी बघा आणि खोलीप्रमाणे त्याचे पट्टे पाडा. कुठल्या पट्ट्यात कोण असणार हे ठरलेलं असतं, आणि ते कळलं की ओळखण्याचं अर्धं काम होतं.

ओल्या चिखलात चिखल्या, तुतवार, धोबी, पाणलावा. पाणलाव्याला शोधायचं तर एकाच जागी बराच वेळ बघत राहा, तो गवताच्या काड्यांत हलला तरच दिसतो. वीतभर पाण्यात शेकाट्या, शराटी, चमच्या. चमच्या उभा राहून मासा हेरत नाही, अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे जातो, आणि चोचीला काही लागलं की ती मिटते. त्यापुढच्या पाण्यात थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक, जी शेपटी वर करून डोकं तळाशी घालतात. अगदी खोल भागात डुबी मारणारी लालसरी, पाणकावळे आणि टिबुकली. पाणवनस्पतींच्या तरंगत्या गालिच्यावर कमळपक्षी. त्याच्या पायांची बोटं इतकी लांब असतात की वजन पानापानांवर वाटलं जातं आणि तो बुडत नाही.

या गालिच्यात पाणवेलीही, म्हणजे जलपर्णीही, पुष्कळ असते. नदीतून वाहत येते आणि बंधाऱ्यात अडकते. पाणकोंबड्या तिच्यावर हिंडताना दिसतात म्हणून ती चांगली असं समजू नका. ती माजली की उघडं पाणी झाकलं जातं, खालचा प्राणवायू कमी होतो, आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही. वरच्या शहरांचं सांडपाणी तिला खत पुरवतं. इथल्या पक्ष्यांचं भवितव्य वरच्या गावांतल्या गटारांशी बांधलेलं आहे, हे मनोऱ्यावरून दिसतं.

पट्टे पाडून झाले की एक जागा निवडा आणि तिथे अर्धा तास द्या. पक्षी काय करतोय ते बघा, नुसतं नाव लावून पुढे जाऊ नका. मुग्धबलाक पाण्यात चोच खुपसून गोगलगाय काढतो. त्याच्या दोन्ही चोचींच्या मध्ये फट असते. वरच्या चोचीने तो शंख दाबून धरतो, आणि खालच्या चोचीच्या टोकाने तो आतला मऊ भाग अलगद कापून बाहेर ओढतो. पाण्याखालीच बरंचसं काम उरकतो. मान उंचावून गिळताना दिसला की समजायचं, झालं. थापट्यांचा घोळका कधी कधी एकामागे एक गोल फिरत राहतो. पायांनी ढवळलेलं पाणी, त्यात वर आलेले सूक्ष्म जीव, आणि रुंद चोचीतून ते गाळून घेणं चाललेलं असतं.

आणि मध्येच सगळं पाणी एकदम अस्वस्थ झालं तर वर बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या आलेला असतो, ज्याला पक्षीनिरीक्षक मार्श हॅरियर म्हणतात. पंख किंचित वर उचललेले, पाणगवतावरून अगदी खालून, संथपणे तरंगत जातो. वारकरी पक्षी लगेच एकमेकांना चिकटून काळा पुंजका करतात आणि पाणी उडवत एकत्र सरकतात. पुंजक्यातून एकाला वेगळं काढणं शिकाऱ्याला जमत नाही, म्हणून तो एकटा पडलेला, आजारी पक्षी शोधत फिरतो. हे नाट्य दहा मिनिटंही चालतं. कैकर दिसला तर त्याच्यावरून नजर हटवू नका. मासा पकडून वर उठताना तो पंजातला मासा फिरवून डोकं पुढे करून घेतो, वारा कमी लागावा म्हणून.

८. ओळखताना होणारे घोळ

बदकांत पहिला घोळ नरांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरेच नर विणीचा रंगीत पिसारा उतरवून मादीसारखे तपकिरी झालेले असतात. चित्रातलं भुवई बदक शोधत बसाल तर भुवईच सापडणार नाही. सुरुवातीच्या महिन्यांत रंग सोडून चोचीचा आकार, मानेची लांबी आणि शेपटी बघा. थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच कधीच फसवत नाही. नरांचे रंग पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत या.

काळा पाणपक्षी, पांढरं कपाळ: वारकरी. त्याच्याशेजारी लाल कपाळ आणि अंगाच्या कडेला पांढरी रेघ असेल तर तांबड्या चोचीची पाणकोंबडी. जांभळी पाणकोंबडी दोघांपेक्षा बरीच मोठी, लाल चोच, लांब तांबडे पाय.

नुसती सापासारखी मान पाण्याबाहेर आणि चोच भाल्यासारखी सरळ असेल तर तिरंदाज. चोचीच्या टोकाला आकडा असेल तर पाणकावळा. दोघेही पंख पसरून वाळवतात, त्यावरून ठरवू नका.

शराटींत काळा शराटी बहुधा कोरड्या शेतात असतो. डोक्यावर लाल चट्टा, खांद्यावर पांढरा. पाण्यात थव्याने, बारीक अंगाचा, उन्हात हिरवट-तांबूस चमकणारा तो मोर शराटी.

काठावरचा मातकट बगळा उडताना अचानक पांढराशुभ्र झाला तर तो वंचक. नवख्यांना दोन वेगळे पक्षी वाटतात.

ओळख पटली नाही तर वहीत वर्णन लिहून पुढे जा. एका तुतवारापायी तासभर घालवून बाकीचं पाणी न बघता परत जाणं शहाणपणाचं नाही.

९. फोटो काढणाऱ्यांसाठी

मनोऱ्याच्या कठड्यावर एकाच माणसाने तिपाई रोवून बसू नये, इतरांनाही बघू द्या. फ्लॅश बंद. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावणं टाळा. तो आपल्या हद्दीत कुणी घुसलं समजून खाणं-पिणं सोडून भांडायला येतो. घरटं सापडलं तर फोटोपेक्षा लगेच दूर होणं महत्त्वाचं. तुम्ही दाबलेलं गवत आणि तुमच्या वासाची वाट कोल्हा-मुंगसाला घरट्यापर्यंत नेते. घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, घुबडाच्या झाडाचंही.

१०. दुपारी

अकरानंतर हालचाल मंदावते आणि तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरू लागते, दुर्बिणीतून सगळं हलतं. तेव्हा निर्वचन केंद्र बघा, जेवून घ्या, मध्यमेश्वराच्या देवळात जाऊन या. शिवारात क्रौंच असल्याची खबर मिळाली असेल तर दुपार त्यासाठीही बरी, पण रस्त्यावरूनच बघायचं. चारच्या सुमारास परत काठावर या. मुक्कामाला येणारे बगळे, पाणकावळे, शराटी यांच्या रांगा तेव्हा सुरू होतात.

११. निघण्याआधी

जातींची यादी आणि अंदाजे संख्या त्याच दिवशी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाका. पूर्ण यादीतून कोणते पक्षी 'दिसले नाही' हेही कळतं. मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा, आणि तेवढे तुकडे मोजत जा. नोंदीत पाण्याची पातळीही एका ओळीत लिहा. पुढच्या वेळी दिवस निवडताना तुम्हालाच उपयोगी पडेल.

जखमी किंवा जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः पाण्यात उतरू नका, पाणी पाजू नका. जागा लक्षात ठेवून फाटकावर सांगा किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अनेक पक्षी एका वेळी मेलेले दिसले तर हातही लावू नका आणि ताबडतोब कळवा.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा मानेत पट्टा दिसला तर रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, कडी उजव्या पायात की डाव्या, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं लिहून घ्या आणि जमला तर फोटो काढा. ही माहिती बीएनएचएसकडे म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवा. भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम ही संस्था अनेक दशकं करत आली आहे, आणि परदेशात घातलेली कडी असली तरी ती कुठली हे त्यांच्याकडून कळू शकतं.